छतावर सूर्य, घरात अंधार!
सौर पॅनल आणि बॅटरी घेण्यापूर्वी प्रत्येक घराने करावयाचा हिशेब

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. हंगामात आसपासच्या खेड्यांतून मिरचीची पोती येथे येतात, तोलली जातात, गाड्यांत भरली जातात आणि परप्रांतात रवाना होतात. मिरची तोडणाऱ्या बाया आणि पोती वाहणारे हमाल दिवसभर उन्हात राबून संध्याकाळी घरी परततात. त्यांची अपेक्षा फार मोठी नसते. घरात दिवा असावा, डोक्यावर पंखा फिरावा, पोरांचा अभ्यास व्हावा. पण वळवाचा पाऊस आला, तार तुटली किंवा डीपी जळाली, की नेमकी त्याच वेळी लाईट जाते. दहावीला बसलेली मुलगी पुस्तक मिटून दारात येऊन बसते.

उन्हाची मात्र मराठवाड्यात कधी टंचाई पडली नाही. पाणी नसेल, काम नसेल, पण ऊन हजर असते. मग या उन्हाची वीज करून ती रात्रीसाठी घरात साठवून ठेवता येणार नाही का? येते. त्यासाठी आज सरकारी अनुदानही आहे. पण या कामात एक मोठा गैरसमज आहे आणि तो कष्टाच्या पैशाला महागात पडतो. छतावर पॅनल बसले म्हणजे लाईट गेल्यावरही घरात दिवा लागणार, असे बहुतेकांना वाटते. पॅनल बसल्यावर पहिल्यांदा लाईट जाते आणि पॅनलवर लख्ख ऊन असतानाही घरातला पंखा थांबतो, तेव्हा कळते की आपण बिलावर औषध घेतले होते, अंधारावर नाही.

म्हणून बंधू-भगिनींनो, एजंट दारात येण्यापूर्वी हा हिशेब आपल्या घरात बसून करा.

दुखणी दोन, औषधे दोन

विजेच्या बाबतीत आपल्या घराची दोन वेगवेगळी दुखणी असतात. पहिले दुखणे दर महिन्याच्या बिलाचे. दुसरे दुखणे लाईट जाण्याचे. यांतले आपल्याला जास्त छळते कोणते, हे आधी ठरवले पाहिजे. कारण सौर विजेची यंत्रणा तीन प्रकारची मिळते आणि प्रत्येक प्रकार वेगळ्या दुखण्यावर चालतो.

पहिला प्रकार ऑनग्रिड. यात बॅटरी नसते. दिवसा पॅनलने तयार केलेली वीज घरात वापरली जाते. उरलेली वीज महावितरणच्या लाईनमध्ये जाते आणि तिची नोंद दुहेरी मोजणीच्या मीटरवर, म्हणजे नेट मीटरवर होते. रात्री आपण लाईनची वीज घेतो. महिन्याच्या शेवटी दिलेली आणि घेतलेली युनिटे एकमेकांतून वजा होतात. बिल घटवण्यासाठी हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

दुसरा प्रकार ऑफग्रिड. यात पॅनल, बॅटरी आणि इन्व्हर्टर असतात. महावितरणच्या लाईनशी संबंध नसतो. दिवसा बॅटरी भरते, रात्री ती दिवा-पंखा चालवते. जेथे लाईन पोहोचलेलीच नाही, अशा शेतवस्तीसाठी हा प्रकार उपयोगाचा.

तिसरा प्रकार हायब्रिड. लाईनही आहे आणि बॅटरीही आहे. बिलही घटते आणि लाईट गेल्यावर दिवाही राहतो. दोन्ही दुखण्यांवर हे एकच औषध, पण तिघांत महागही हेच.

ऊन असूनही पंखा का थांबतो?

ऑनग्रिड यंत्रणेचा इन्व्हर्टर बाहेरच्या लाईनवर लक्ष ठेवून चालतो. लाईनमध्ये वीज आहे तोवर तो पॅनलची वीज तिला जोडून देतो. लाईन गेली की तो क्षणात आपोआप बंद पडतो. हा यंत्रातला दोष समजू नका. तो मुद्दाम तसा बनवलेला असतो आणि त्यामागे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

विचार करा, तार तुटली म्हणून वायरमन खांबावर चढला आहे. मागून लाईन बंद केली आहे. अशा वेळी गावातल्या वीस छतांवरची वीज उलट दिशेने त्या तारेत येत राहिली, तर त्या माणसाचे काय होईल? खांबावर चढणारा तो तरुण आपल्यासारख्याच कष्टकरी घरातला असतो, पुष्कळदा कंत्राटावर काम करणारा. त्याचा जीव वाचावा म्हणून ऑनग्रिड इन्व्हर्टर बंद पडतो. तो बंद पडू नये म्हणून कोणी जुगाड करून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आणखी एक गोष्ट. अनेक घरे ऑनग्रिड पॅनल बसवतात आणि जोडीला बाजारातला साधा इन्व्हर्टर आणि बॅटरी ठेवतात. हे चालते आणि स्वस्तही पडते. मात्र ही बॅटरी घरातल्या चालू विजेवर भरते. लाईट दोन-चार तासांसाठी गेली, तर ती निभावून नेते. वादळात खांब पडून लाईन दोन दिवस बंद राहिली, तर छतावर ऊन असूनही ती पुन्हा भरत नाही, कारण ऑनग्रिड पॅनल त्या वेळी बंद असतात. ज्यांच्याकडे असे वारंवार घडते, त्यांनी हायब्रिड किंवा छोट्या ऑफग्रिड संचाचा विचार करावा.

एका नमुन्याच्या घराचा हिशेब

आता पाटी-पेन्सिल घेऊन बसू. पिंपळगाव रेणुकाईतले एक नमुन्याचे घर डोळ्यांसमोर आणू. घरकुल योजनेतल्या दोन खोल्या, वर स्लॅब. आई मिरची तोडायला जाते, वडील बाजारात हमाली करतात, घरात आजी आहे आणि शिकणारी दोन मुले आहेत. फ्रीज नाही.

वीज युनिटमध्ये मोजतात. १०० वॅटची वस्तू १० तास चालली की १ युनिट खर्च होते. या घरात ९ वॅटचे ४ एलईडी दिवे रोज ५ तास चालले, तर १८० वॅट-तास होतात. ७५ वॅटचे २ पंखे १० तास चालले, तर १,५०० होतात. टीव्ही ४ तासांचे २४० घेतो. मिक्सर आणि मोबाईलचे चार्जिंग धरून आणखी १३० धरा. बेरीज होते २,०५०. म्हणजे दिवसाला साधारण २ युनिटे, महिन्याला ६०.

एक किलोवॅटचे पॅनल आपल्या भागात वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिटे देते, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास. पावसाळ्यात ढगाळ दिवशी हे उत्पादन निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. तरीही या घराला एक किलोवॅट पुरून उरते. त्याला तीन किलोवॅट विकायला आलेला माणूस घराचा हिशेब करत नसून स्वतःच्या विक्रीचा हिशेब करत असतो. बिल अगदी शून्य होईल, असेही समजू नका. युनिटे शून्य झाली तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

आता रात्रीचा हिशेब. संध्याकाळी ६ तास लाईट गेली असे धरू. दोन दिवे ४ तास, एक पंखा ६ तास आणि मोबाईल, इतकेच चालवायचे आहे. दिव्यांचे ७२, पंख्याचे ४५०, मोबाईलचे ३०. एकूण सुमारे ५५० वॅट-तास. यावरून बॅटरी किती मोठी हवी ते ठरते.

बॅटरीवर १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास असे लिहिलेले असते. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की १,८०० वॅट-तास येतात. पण शिशाची, म्हणजे आम्लाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरू देऊ नये. रोज तळापर्यंत रिकामी केली तर ती लवकर मरते. म्हणून हातात ९००. इन्व्हर्टरमधली तूट वजा जाता ७०० ते ७५० उरतात. आपल्या ५५० ला एवढी बॅटरी पुरते. १०० अँपिअर-तासांची घेतली, तर हातात ५०० च्याही आत उरतात आणि पहाटे पंखा थांबतो.

आधी पंखा बदला, मग बॅटरी घ्या

वरच्या हिशेबात एक गोष्ट लक्षात आली का? रात्रीच्या ५५० पैकी ४५० एकटा पंखा खातो. आता बाजारात बीएलडीसी नावाचे पंखे मिळतात. वारा तेवढाच देतात, पण वीज ३० वॅटच्या आसपास घेतात. तो पंखा ६ तासांत १८० वॅट-तास खाईल. दिवे आणि मोबाईल धरून सगळा खर्च २८० वर येतो. मग १०० अँपिअर-तासांची लहान बॅटरी पुरते आणि तिच्यावर असा दुसरा पंखाही चालतो. आजी आतल्या खोलीत निजते, तिलाही वारा मिळतो.

असा पंखा साध्या पंख्यापेक्षा महाग असतो, साधारण अडीच-तीन हजारांचा. पण मोठी बॅटरी आणि लहान बॅटरी यांच्या किमतीतल्या फरकात त्याचा बराच भाग वसूल होतो. शिवाय बॅटरी काही वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते, त्या प्रत्येक वेळी हा फरक वाचतो. वीज साठवण्यापेक्षा ती वाचवणे नेहमीच स्वस्त पडते.

आणि ज्या घराची आज एवढीही ऐपत नाही, त्या घराने काय करावे? बाजारात चार्जिंगचा एलईडी बल्ब मिळतो. नेहमीच्या होल्डरमध्ये तो बसतो. लाईट असताना स्वतःच भरतो आणि लाईट गेली की आतल्या छोट्या बॅटरीवर तीन-चार तास जळतो. किंमत काही शे रुपये. मुलीचा अभ्यास थांबू नये, एवढीच गरज असेल तर सुरुवात येथूनच करावी. पॅनलसाठी पैसे जमेपर्यंत पोरीचे वर्ष थांबत नाही.

कोणती बॅटरी?

सध्या घरासाठी मुख्यतः दोन जातींच्या बॅटऱ्या आहेत. पहिली ट्युब्युलर, शिशाची. ती वजनाने जड, पन्नास-साठ किलोची असते. नीट सांभाळली तर चार ते सहा वर्षे टिकते. १५० अँपिअर-तासांची बॅटरी आणि साधा इन्व्हर्टर मिळून साधारण वीस-पंचवीस हजारांचा खर्च येतो. दुसरी लिथियमची. ती हलकी असते, पाणी घालावे लागत नाही, ८० ते ९० टक्क्यांपर्यंत वापरता येते आणि दहा वर्षांच्या आसपास टिकते. पण एकरकमी किंमत बरीच जास्त. लिथियम घ्यायची असेल तर लिथियम-आयर्न-फॉस्फेट या प्रकारची घ्यावी, ती उष्णता जास्त सहन करते आणि घरासाठी अधिक सुरक्षित आहे. इन्व्हर्टर लिथियमला चालणारा आहे का, हेही आधी विचारावे.

सरकारी अनुदान किती?

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान सूर्य घर मोफत वीज योजना सुरू झाली. देशातील १ कोटी घरांवर सौर पॅनल बसवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. घरासाठी १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान या योजनेत आहे. अनुदान पॅनल बसल्यावर आणि तपासणी झाल्यावर अर्जदाराच्या बँक खात्यात जमा होते. म्हणजे आधी पैसा उभा करावा लागतो. त्यासाठी बँकांकडून तारणाशिवाय कर्जाची सोय आहे. बॅटरीसाठी मात्र या योजनेत वेगळे अनुदान नाही. 'बॅटरीसकट सगळे फुकट' असे कोणी सांगत असेल, तर हे वाक्य त्याला वाचून दाखवा.

आपल्यासाठी याहून महत्त्वाची योजना राज्य सरकारची आहे. २०२५ च्या उत्तरार्धात स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप, थोडक्यात 'स्मार्ट', ही योजना जाहीर झाली. दारिद्र्यरेषेखालील १,५४,६२२ आणि महिन्याला १०० युनिटांपेक्षा कमी वापर असलेली आर्थिक दुर्बल ३,४५,३७८ अशी एकूण ५ लाख घरे तिच्यात धरली आहेत. एक किलोवॅटचा खर्च साधारण ५०,००० रुपये धरून केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्य आपली भर घालते. दारिद्र्यरेषेखालील घराला राज्याचे १७,५०० रुपये मिळून स्वतःचे फक्त २,५०० रुपये भरावे लागतात. १०० युनिटांच्या आतील सर्वसाधारण गटातील घराला १०,००० रुपये, तर अनुसूचित जाती-जमातीच्या घराला ५,००० रुपये भरावे लागतात. योजनेची मुदत मार्च २०२७ पर्यंतची आहे आणि प्रथम येणाऱ्यास प्राधान्य आहे. अर्ज करण्यापूर्वी आपल्या महावितरण कार्यालयात सध्याची स्थिती विचारून घ्यावी.

येथे जातीच्या दाखल्याचा संबंध येतो. बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्राच्या सवलती १९९० च्या कायदादुरुस्तीने मिळाल्या. हा हक्क मिळवण्यासाठी समाजाला चौतीस वर्षे झगडावे लागले. तो दाखला केवळ शाळा-कॉलेजच्या प्रवेशापुरता पेटीत ठेवू नका. अशा योजनांतही तो उपयोगी पडतो. ५,००० आणि १०,००० यांतला फरक म्हणजे कष्टकरी बाईच्या कित्येक दिवसांची मजुरी आहे.

कागद कोठे अडतो?

पॅनलपेक्षा जास्त घरे कागदापाशी अडतात. पहिला अडथळा मीटरच्या नावाचा. मीटर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन दहा वर्षे झालेली, घर आता दोन भावांत वाटलेले. अर्ज ज्याच्या नावाने करायचा, त्याच्याच नावावर वीजजोड आणि बँक खाते जुळले पाहिजे. म्हणून आधी मीटरवरचे नाव बदलून घ्या.

दुसरा अडथळा थकबाकीचा. जुने बिल थकले असेल तर ते निकाली काढल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

तिसरा अडथळा स्वतंत्र मीटर नसण्याचा. शेजाऱ्याकडून वायर ओढून घेतलेल्या घराला या योजनेचा लाभ मिळत नाही. आधी अधिकृत जोडणी हवी. २०२१ साली १४ एप्रिल ते ६ डिसेंबर या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना राबवली गेली. तिच्यात अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना ५०० रुपये अनामत पाच हप्त्यांत भरून जोडणी घेता येत होती. ज्यांनी त्या वेळी मीटर घेतले, त्यांची आज सौर पॅनलची वाट सोपी झाली आहे. एक कागद वेळेवर केला की पुढचे दार उघडते, हाच याचा धडा.

पुरवठादार योजनेच्या अधिकृत यादीतलाच असावा. करार लेखी घ्या, पावती घ्या. अनुदानासाठी भारतात बनलेले पॅनल लागतात, ते विचारून घ्या. पाच वर्षे देखभाल करून देणे पुरवठादारावर बंधनकारक आहे, हेही लिहून घ्या. ओटीपी आणि पासबुक कोणाच्या हवाली करू नका.

छप्पर आणि सावली

एक किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. आजकालच्या मोठ्या आकाराच्या दोन पॅनलमध्ये एक किलोवॅट होते. आपला भाग विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २० अंशांवर आहे. म्हणून पॅनलचे तोंड दक्षिणेकडे आणि कल जवळपास तेवढ्याच अंशांचा ठेवतात.

सावलीबाबत विशेष काळजी घ्या. पाण्याची टाकी, शेजारच्या घराची भिंत, लिंबाच्या झाडाची फांदी यांची सावली पॅनलच्या एका कोपऱ्यावर जरी पडली, तरी एकाच ओळीत जोडलेल्या साऱ्या पॅनलची वीज घटू शकते. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी छतावर जाऊन सावली स्वतः पाहा आणि मगच जागा नक्की करा.

ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, हाही एक गैरसमज आहे. पॅनलला उजेड हवा असतो, ताप नको असतो. ते तापले की उत्पादन थोडे घटते. म्हणून पॅनलच्या खालून वारा खेळला पाहिजे. पत्र्याच्या घरावर पॅनल थेट पत्र्याला चिकटवू नये. पत्र्याखालचे पाइप, वासे मजबूत आहेत का ते आधी तपासावे. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडतात, तसे पॅनलही उडतील. सांगाडा भक्कम, नटबोल्ट गंज न धरणारे आणि अर्थिंग व वीजरोधक चोख असलेच पाहिजेत. अर्थिंगवर पैसे वाचवणे म्हणजे जिवाशी खेळणे होय.

भगिनींनो, बॅटरी सांभाळा

बॅटरी आणण्याचे काम कोणी करो, ती सांभाळण्याचे काम बहुधा घरच्या बाईवर येते. म्हणून या चार गोष्टी तिला बसवणाऱ्याने समजावून सांगितल्याच पाहिजेत.

बॅटरी चुलीजवळ, गॅसजवळ किंवा बंद कपाटात ठेवू नये. भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. तिला वारा लागेल अशी, मुलांच्या हाताला न लागणारी जागा हवी. शक्यतो निजण्याच्या खोलीत ठेवू नये. खाली लाकडी फळी असावी. वरच्या दोन्ही टोकांवर झाकण असावे, त्यावर भांडे किंवा चावी पडली तर ठिणगी उडते.

दोन-तीन महिन्यांनी पाण्याची खूण पाहावी. कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी कधीही घालू नये, त्यातल्या क्षारांनी बॅटरी मरते. खुणेच्या वर भरू नये. आम्ल अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे, डोळ्यात गेले तर धूत राहावे आणि दवाखाना गाठावा.

पॅनलवर धूळ साचली की वीज घटते. पंधरा दिवसांनी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, पॅनल थंड असताना साध्या पाण्याने, मऊ कापडाने पुसावे. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

आणि शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. मेलेली बॅटरी घरी फोडू नका आणि कोणाला अंगणात फोडू देऊ नका. आतले शिसे विषारी असते. ते धूळ आणि धुरातून मुलांच्या शरीरात जाते आणि त्यांच्या मेंदूची वाढ खुंटवते. भंगाराचे चार पैसे मिळवण्यासाठी मुलांची बुद्धी गहाण टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्यावी, तिचे पैसे नव्या किमतीतून वजा करून मिळतात.

बाबासाहेब आणि वीज

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. विजेचा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता, हे अजून पुष्कळांना माहीत नाही. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विजेच्या युद्धोत्तर नियोजनासाठी भरलेल्या समितीपुढे त्यांनी भाषण केले. देशाला स्वस्त आणि मुबलक वीज हवी, त्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योग वाढल्याशिवाय लोक दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच कारकीर्दीत स्थापन झाले. त्यांच्या दृष्टीने वीज ही चैन नव्हती, गरिबाच्या सुटकेचे साधन होते. आज तेच साधन आपल्या छतावर उतरते आहे. ते समजून वापरणे आपल्या हातात आहे.

एकट्याने न जमल्यास मिळून

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरले. सुमारे शंभर घरांच्या त्या गावाने घराघरावर पॅनल बसवले. एकेका घराने खेटे घालण्याऐवजी सारा गाव एकत्र उतरला, म्हणून काम तडीस गेले.

गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातील मोढेरा गाव ९ ऑक्टोबर २०२२ रोजी चोवीस तास सौर विजेवर चालणारे गाव म्हणून जाहीर झाले. तेथे १,३०० हून अधिक घरांवर एकेका किलोवॅटचे पॅनल आहेत. बॅटरी मात्र घरोघरी नाही. जवळच्या सुज्जनपुरा येथे ६ मेगावॅटचे सौर केंद्र आहे आणि त्याला जोडून १५ मेगावॅट-तासांची, म्हणजे १५,००० युनिटे साठवणारी सामाईक बॅटरी आहे.

बांगलादेशात २००३ पासून हप्त्यांवर छोटे सौर संच देण्याचा मोठा कार्यक्रम राबवला गेला. चाळीस लाखांहून अधिक घरांत असे संच बसले. एक लहान पॅनल, एक बॅटरी, दोन-चार दिवे, एवढाच संच. गरीब कुटुंबांनी हप्त्याने पैसे फेडून मिळवलेला तो उजेड होता.

या तिन्ही ठिकाणांवरून आपल्या वस्तीला एक सोपी वाट सापडते. पॅनल घराघरावर घ्यावे, कारण त्याला अनुदान आहे. महाग असलेली बॅटरी मात्र सगळ्यांनी मिळून एकच चांगली घ्यावी आणि ती विहारात किंवा समाजमंदिरात ठेवावी. वर हिशेब केलेल्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर ९ वॅटचे ६ दिवे आणि ३० वॅटचे ४ पंखे ४ तास आरामात चालतात. त्या उजेडात वस्तीतली वीस-पंचवीस मुले-मुली परीक्षेच्या दिवसांत बसून अभ्यास करू शकतात. वीस घरांनी हजार-बाराशे रुपये काढले, तर एवढा खर्च निघतो. महिला बचत गटाने पुढाकार घेतला तर आणखी सोपे. बॅटरीतले पाणी तपासण्याची जबाबदारी पाळीपाळीने एकेका घराने घ्यावी आणि ती भिंतीवर लिहून ठेवावी. अनेक गावांत रस्त्यावरचे सौर दिवे पहिली दोन वर्षे जळले आणि मग नुसते खांब उरले. पॅनल धडधाकट होते, पण बॅटरीकडे पाहणारा कोणी नव्हता. आपल्या अभ्यासिकेचे तसे होऊ देऊ नका.

तेव्हा या रविवारी घरातली सगळी मंडळी एकत्र बसा. गेल्या वर्षाची वीजबिले काढा. मुलीलाच पाटी द्या आणि कोणता दिवा किती तास जळतो, पंखा किती वॅटचा, हे तिलाच मांडू द्या. मीटर कोणाच्या नावावर आहे ते पाहा, जातीचा दाखला बाहेर काढा. आपले दुखणे बिलाचे की अंधाराचे, हे ठरवा आणि त्यानंतरच पैसे मोजा. हिशेब करून घेतलेला एक किलोवॅट हिशेब न करता घेतलेल्या तीन किलोवॅटपेक्षा जास्त उजेड देतो. पुढच्या पावसाळ्यात गावाची लाईट गेली, तरी दहावीच्या मुलीचे पुस्तक मिटू नये, एवढे तरी आपल्याला नक्कीच करता येईल.